उलटी फिल्म

छत्तीस वर्षं मी चुका शोधल्या.
जेलरोडच्या भिंतीआड, ट्यूबलाइटखाली,
समोर कोऱ्या नोटांचे ताव, हातात निळी पेन्सिल.
इथे शाई फुटली. इथे हिरवा केसभर सरकला.
इथे आठाचं पोट भरलं.
खूण करायची, बाजूला टाकायचं.
सुटताना गेटवर झडती,
डबा उघडा, चपला झटका.
छत्तीस वर्षांत एक चूक घरी आणता आली नाही.

आता रात्रीचे अकरा बावन्न.
मोबाइल तांब्याला टेकवलाय, चष्मा कपाळावर,
आणि मी चुकाच शोधतेय,
विकत घ्यायला.

बबलगमच्या पुडीतून यायची ती क्रिकेटची कार्डं,
त्यात एक दोंदे नावाचा गोलंदाज.
दोन मोसम खेळला आणि लोकांच्या डोक्यातून गेला.
त्याची फिल्म छापखान्यात कुणी उलटी लावली,
उजव्या हाताचा माणूस डावरा झाला,
छातीवरची अक्षरं पाठमोरी.
शंभरेक कार्डं निघून गेली म्हणतात,
मग कुणीतरी मशीन थांबवलं.
ते कुणीतरी माझ्याच जातीचं असणार.

आमच्या उल्हासकडे होतं ते.
मला नोकरी लागून तिसरा महिना,
हाताला सवय नवी नवी.
पाहिलं, म्हटलं, सदोष आहे,
आणि चार तुकडे केले.
तो रडला नाही. बारा वर्षांचं पोर, म्हणालं,
"ताई, घरी कोण देतं गं तुला पगार?"

तर अकरा चोपन्न.
विकणारा इंदूरचा. बोली बावीसशे.
मी चोवीस म्हटलं की 'कॅम्पातला लेगस्पिनर' सव्वीस म्हणतो.
हा बहुधा देवळालीचा, म्हणजे रिक्षाच्या अंतरावर,
त्याच्याही घरात आता सगळे झोपले असतील.
अठ्ठावीस. तीस.
पेन्शनीतून गॅस वजा केला, दूध वजा केलं,
आणि अंगठा उचलताना
सहज फोटो मोठा करून पाहिला.

जुन्या छपाईत ठिपक्यांची फुलं असतात,
चार रंगांची, एकमेकांना खेटून.
इथे फुलं नव्हती. नुसता फवारा.
आणि कोपऱ्यातला तो पिवळेपणा
वयाचा नव्हता, चहाचा होता.

मी अंगठा मागे घेतला.
मैदानात दुसराच कुणी उतरला,
इंदूरवाल्याचा मेहुणा असेल.
अहो कॅम्पवाले, थांबा,
मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने म्हणाले.
फ्रीजने ऐकलं.
नऊ हजार तीनशेला गेलं.
त्या रात्री देवळालीत एक माणूस खुशीत झोपला,
आणि मला, काहीच न गमावता, झोप नाही.

पुढच्या मंगळवारी एक ढिगारा आला विकायला,
'जुनी कार्डं, सत्तावीस, काही फाटकी', दीडशे रुपये.
फोटो धुरकट, कुणी फिरकलंही नाही.
शनिवारी कुरिअरवाल्या पोराने जिन्यातूनच हाक मारली.

तेविसावं कार्ड दोंदे.
भिंग लावलं. फुलं होती. डावीकडे उंदराने चाखलेलं.
कागद खरा, शाई खरी, काळही खरा,
आणि माणूस उजव्या हाताचा.
अक्षरं सरळ.
कुठेही काडीची चूक नाही.

इतकं निर्दोष छापलेलं पाहून
मला पहिल्यांदाच राग आला.

मग कपाटाच्या आरशापुढे धरलं.
दोंदे डावरा झाला,
छातीवरची अक्षरं फिरली,
माझा अंगठा तेवढा जागच्या जागी.
त्याचा फोटो काढला आणि उल्हासला पाठवला.
तो ओझरला विमानांचे सांधे तपासतो,
मागे विचारलं होतं तर म्हणाला होता, कुठलं कार्ड?

उत्तर पहाटे आलं, शिफ्टला निघताना लिहिलेलं.
"आरशाची कड दिसतेय, ताई.
सदोष. चार तुकडे कर."

मी निळी पेन्सिल शोधतेय.