थांब गा, आलो

मोजणीवाला आला तेव्हा
त्याच्या कागदावर रकाने होते:
घर, गोठा, विहीर, झाडं फळाची, झाडं बिनफळाची.
घंटेला रकाना नव्हता.
"कोणाच्या नावावर आहे?"
सगळे पायाकडं पाहत राहिले.
शेवटी फुलवंता म्हणाली, "घाटाच्या."

वैनगंगेच्या अलीकडं, चिचेच्या फांदीला
ती कधीपासून होती, ठाऊक नाही.
नान्हे म्हणतात, भोसल्यांच्या हत्तीच्या गळ्यातली.
मारबते म्हणतात, कामठीच्या छावणीतून कोणीतरी उचलली.
यावरून एकदा अर्धी पंगत उठून गेली होती.

टोले मात्र सगळ्यांचे एकच.
एक, मग श्वासभर थांबून दोन:
पलीकडच्या नावेला हाक.
पूर चढला की न थांबता, हात भरून येईतो.
लेकरू झालं की सुईणीच्या हातून एक;
पोरगा का पोरगी, ते घंटा सांगत नसे.
मयत असलं की लोलकाला ओलं फडकं.
आणि मारबत हाकलून झाली की
दुपारपर्यंत पोट्ट्यांचं राज्य.
मीही दगडानं वाजवली आहे,
काठावरचा टवका माझाच.

नव्या गावात घरांना प्लॉट नंबर आहेत.
घंटा पाण्याच्या टाकीखाली, लोखंडी अँगलला.
नदी अकरा किलोमीटर.
म्हणजे नदी नाहीच आता, नुसतं पाणी.
ग्रामसेवकानं वहीत लिहिलं:
घंटा, पितळी, नग एक.
उपयोग, याच्यापुढं पेन टेकवून बसला,
मग चहा आला.

मागच्या मार्गशीर्षात, दिवेलागणीला,
फुलवंता तव्यावर भाकरी टाकून उठली,
पिठाच्या हातानं दोरी धरली.
एक.
थांबली.
दोन.

दारं उघडली.
कोणाला बोलावतेस, असं कोणी विचारलं नाही.
नळावरच्या बाईची बादली भरून वाहत होती.

प्लॉट नंबर चाळीस.
डोमा नान्हे, तीन वर्षं खाटेवर, कानानं अर्धा,
सुनेला म्हणाला, वल्हं दे.
ती नुसती पाहत राहिली.
मग त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले,
आणि टिनाच्या छपराखालून
बारीक, पण पात्राएवढी लांबवलेली हाक आली:

थांब गा,
आलो.

फुलवंता थांबली.
भाकरी जळाल्याचा वास
टाकीपर्यंत येईतो थांबली.