पाठभेद

पहिल्यांदा एरुन्दीना आली ती भांगाच्या दिवसांत.
पाणी फारसं हटत नाही, शिंपल्यांना सुट्टी,
म्हणून तिला वेळ होता.
रबरी बूट तिने दवाखान्याच्या दाराबाहेर काढले
आणि खुर्चीकडे असं पाहिलं
जसं उसने पैसे बुडवलेल्या दिराकडे पाहावं.
"उभ्यानेच भरते," म्हणाली.
मी कागद दिला. एकवीस वाक्यं.
लागू पडेल त्यावर खूण.

वाक्यं परक्या भाषेत जन्मलेली,
गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघांनी
गालिसियनमध्ये आणून बसवलेली.
नुसत्या पायमोज्यांच्या वाक्यावर
आमचा अख्खा मंगळवार गेला होता.

दुखण्यामुळे मी जड कामं टाळते.
तिने खूण केली नाही.
टाळून ठेवू कुठे, म्हणाली.
दुखण्यामुळे मी इतरांना कामं सांगते.
तिने मागे वळून पाहिलं,
इतर कोणी आलंय का ते बघत असल्यासारखं.
नाही.
दुखण्यामुळे झोपमोड होते.
ओहोटी पहाटे साडेचारची असली
तर उठणाऱ्या बाईची झोप मोडत नाही,
संपते.
नाही.

बेरीज सात.
आमच्या तक्त्यात याला सौम्य म्हणतात.

मग तिच्या हातून पेन्सिल पडली.
तिने एक हात टेबलावर ठेवला, एक मांडीवर,
श्वास आत घेतला, धरला,
आणि पेन्सिल पायानेच माझ्याकडे सरकवली.
यासाठी रकाना नव्हता.

आठ दिवसांनी पुन्हा तेच कागद.
माणूस तोच राहिला
तर आकडाही तोच यावा,
शास्त्राचं मागणं एवढंच.
पण मधल्या आठवड्यात पौर्णिमा होऊन गेली,
उधाणाचं पाणी पार बेटापर्यंत मागे हटलं,
आणि बायका रोज चार-चार तास
दाताळं घेऊन वाळूत वाकल्या.
एरुन्दीना भिंतीला धरून आली.
कागद वाचलाच नाही तिने,
सरसर सात खुणा केल्या.
त्याच सात.

एकसष्ट माणसं, दोन-दोन कागद,
विश्वासार्हता शून्य पूर्णांक एक्क्याण्णव.
डॉक्टर बाल्तारनी सगळ्यांसाठी वाइन मागवली.
मी दोन पेले प्यायले, खोटं कशाला बोलू,
मला आनंद झाला होता.

नंतरच्या रविवारी शिंपले घ्यायला किनाऱ्यावर गेले.
ती वाळूत कंबरेतून मोडलेली,
मान वर न करता म्हणाली,
"त्या दिवशी बिछान्यातून उठायला
मला एक तास लागला होता, ठाऊक आहे?"
मग तसं लिहिलं का नाहीस?
"मागची उत्तरं पाठ होती ना माझी.
तूच म्हणालीस, सारखी आली तर बरं."
म्हणाले होते. म्हणायचं नसतं, तरी
कागद गोळा करताना सहज बोलून गेले होते.
"परीक्षा तुझी होती, पोरी.
माझ्या पाठीपायी
तू कशाला नापास व्हायचं?"

शिंपल्यांवर शिंपले पडल्याचा आवाज येत राहिला.
मी विचारलं, बाकीच्या बायकांनीही?
ती हसली. उत्तर दिलं नाही.
लोर्देस, बेनिल्दे, पलीकडची ती ठेंगणी,
सगळ्या एकाच रांगेत वाकलेल्या,
कुणाचाच चेहरा दिसत नव्हता.

चौतिसावी ओळ मी अजून काढलेली नाही.
काढली तर साठ घरांची दारं वाजवावी लागतील,
आणि दार उघडणारी प्रत्येक जण
माझ्याकडे बघून ठरवणार
मला काय ऐकायचंय ते.

पाणी परतायला लागलं तेव्हा
तिची एक बादली मी उचलली.
गोदामापर्यंत तीनशे पावलं असतील,
मध्ये चार वेळा खाली ठेवली.
ती दोन घेऊन पुढे गेली,
न थांबता, थोडी डावीकडे कलून.

सोमवारी सकाळी पलंगाच्या कडेवर
एक मोजा हातात घेऊन बसून होते
बराच वेळ.
आमचं वाक्य चुकलं होतं,
निदान एका शब्दाने तरी.