सत्यप्रत

आमच्या दुकानात सातबारा निघतो,
उत्पन्नाचा दाखला, जातपडताळणीचा फॉर्म,
फोटो पाच मिनिटांत.
विमानाचं लायसन बदलून मिळेल
असं बोर्डावर लिहिलेलं नाही.

तरी चेतना टेकाम आली,
मे महिना, दुपारचे दोन, डोक्याला दुपट्टा,
पिशवीत तीन निळ्या वह्या.
"भास्करभाऊ, सगळी पानं स्कॅन करायची.
एकही सोडायचं नाही."

चार हजार दोनशे अकरा तास.
एकेका वेळी एकशे ऐंशी माणसं पाठीमागं बसवून.
मग कंपनी बुडाली.
तिकडची एक कंपनी घ्यायला तयार आहे,
पण युरोपचं लायसन पाहिजे,
तास मोजून घेतात, परीक्षा पुन्हा.
तेरा पेपर.
"पहिल्यापासून?"
"हवा म्हणजे काय, इथपासून."

मला हसू आलं, मग थांबलं.
माझा साळा आदिलाबादहून दहावी होऊन आला होता,
पैनगंगा ओलांडली तर गणित बदलतं का,
पण समकक्षतेचा कागद येईपर्यंत
वर्षभर बकऱ्या राखल्या त्यानं.

तिची आई शाळेत खिचडी शिजवते.
हात पुसत दारातूनच म्हणाली,
"मंग इतके दिवस उडत होती
थे का बिनालायसनची?"
चेतना काही बोलली नाही.
स्टेपलरच्या पिना मोजत बसली.

कागदांत एक गाठ निघाली.
पासपोर्टवर बाप सोनेराव,
दहावीच्या सनदेवर सोनबाराव.
तिकडच्या हापिसाला कसं सांगावं,
बाप एकच होता,
मास्तर बदलले.
शंभराचा स्टॅम्प, वणीचा नोटरी, अर्धा दिवस गेला.
डोळे-कान मात्र त्यांच्याच डॉक्टरनं बघायचे.
त्याची सत्यप्रत चालत नाही.

घरचे पत्रे तापतात म्हणून
ती माझ्याच बाकावर अभ्यासाला बसायची.
लाइट गेली की इन्व्हर्टरवर स्कॅनर चालायचा,
पंखा नाही.
शेचाळीस डिग्रीत ती स्वतःलाच प्रश्न घालायची:
तापलेल्या हवेत धावपट्टी लांब का लागते?
मी म्हटलं, का लागते?
"पातळ ताकात रवी फिरवून बघा.
हाताला काही लागतं का?"
बाहेरून कोळशाचा ट्रक गेला,
पानांवर काळी भुकटी बसली,
तिनं फुंकली, पुढचा प्रश्न.

दुसऱ्या वहीत, पान अठ्ठ्याऐंशीपासून,
काही ओळींच्या कडेला
पेन्सिलीचा ठिपका.
तारीख, नागपूर ते हैदराबाद, रात्र, उतरणं एक,
आणि ठिपका.
मी म्हटलं, हे काय, काही चूक?
ती वही बघत राहिली.
"त्या रात्री ढग नव्हते.
सिमेंट फॅक्टरीचे दिवे दिसले
की डावीकडं आपलं गाव.
मोजून अकरा सेकंद."

खोडरबर होतं माझ्या गल्ल्यात.
"खोडू का? ते विचारतील."
"मूळ आहे तसं ऱ्हाऊ द्या."

स्कॅनर असले ठिपके घेत नाही,
त्याला शाईच दिसते.
मी गडदपणा वाढवला, दोनदा.
आता चहाचा डाग आला,
बोटांचे ठसे आले, शिलाईची सावली आली,
आणि ठिपके.
मी मोजले. एकतीस.

त्या एकतीस रात्री मी कुठं होतो
मला काय आठवणार,
शटर ओढून झोपलो असेन,
किंवा वायर जोडत असेन.

दोनशे शहाण्णव पानं, दोन रुपयांप्रमाणे पाचशे ब्याण्णव.
तिनं सहाशे दिले,
आठ रुपये सुटे नव्हते.
म्हणाली, ठेवा,
पेपर नापास झाले तर
पुन्हा येणार आहेच.