स्कोअर-वही

इतवारीतल्या एका साबणवाल्या शेटजींनी
एकोणऐंशीच्या हिवाळ्यात पगारी बेसबॉलची लीग काढली होती.
चार संघ. महिना साठ रुपये,
वर कपड्याच्या साबणाच्या दोन वड्या.
दीड मोसम चालली.
मी वही लिहायचो. मला चाळीस, आणि वडी एकच.

कोणी विचारलं तर थोडक्यात सांगता येईल एकेकाचं.
पण विचारते कोण, बाप्पा.

इमॅन्युएल पीटर, मोहननगर. पिचर, डावरा.
एकोणीस सामने, जिंकले चार.
त्याचा चेंडू बॅटीपुढे येऊन अचानक खाली जायचा,
खुर्ची आहे समजून माणूस बसतो, तसा.
पुढे अजनीला पार्सल ऑफिसात लागला.
नाताळात केक घेऊन आला होता,
दाराची वरची कडी उजव्या हाताने वाजवली त्याने.
मी काही बोललो नाही.

डोमाजी निखारे, गोळीबार चौक. कॅचर.
तोंडावरची जाळी लोहाराकडून करून घेतलेली,
खिडकीच्या गजांची, वजन सव्वा किलो.
"ह्याच्यातून सारे खेळाडू कैदी दिसतात बे," म्हणायचा.
पहिल्याच मोसमात तीन बोटं मोडली.
मागावर तुटलेला धागा जोडायला बोटं लागतात.
दुसऱ्या मोसमात त्याच्या नावापुढे मी लिहिलंय, गैरहजर.
कारणाला रकाना नव्हता.

वहीद अन्सारी, मोमिनपुरा. शॉर्टस्टॉप. चुका अकरा.
मैदानात गिट्टी होती.
चेंडू गिट्टीवर उडाला तर ती चूक गिट्टीची की वहीदची,
हे मला तेव्हा ठरवायचं होतं, लगेच, पेन्सिल हातात असताना.
अकरातल्या निदान सहा गिट्टीच्या होत्या.
तो कुवेतला गेला. सांगायचं राहून गेलं.

खापरीचे दोघं भाऊ. त्यांच्या पानावर चहा सांडला.
फटके चांगले होते, एवढं आठवते.

आणि हंसराज खोब्रागडे, इंदोरा. एक सामना.
त्याच्यासाठी मागच्या गुरुवारी त्याची मुलगी आली,
वीज मंडळाच्या जेवणाच्या सुट्टीत, स्कूटीवर, तोंडाला दुपट्टा बांधून.
कपाटातून शर्ट निघाला म्हणे, पाठीवर सात नंबर.
आई म्हणते, ते कधी खेळलेच नाहीत, उगाच सांगायचे.

वही काढली. आकडे दाखवले.
पाळ्या शून्य, फटके शून्य, धावा शून्य.
ती बघत राहिली. मग मला समजावून सांगावं लागलं
की चार चेंडू लांबून गेले, त्याने एकाही चेंडूला बॅट लावली नाही,
म्हणून पहिला बेस त्याला फुकट मिळाला,
आणि फुकटाची पाळी पाळीत मोजत नाहीत.
इतका वेळ न हलता उभं राहणं सोपं नसते, हेही सांगितलं.

दुसऱ्या बेसवर तो समोरच्यांच्या चुकीने गेला.
तिसऱ्यावर पळत, धुळीत छाती घासत.
मग फाल्गुनातली वावटळ आली, आणि वावटळीमागून
शेटजींचा मुनीम, हातगाडी घेऊन.
कारखान्याला सील लागलं होतं.
बॅटी मोजून गाडीवर टाकल्या, जाळीसुद्धा.
सामना तिथंच राहिला.
हंसराज तिसऱ्यावर उभा होता, पाय बेसवरून न काढता,
गाडी टेकडीच्या वळणाआड जाईपर्यंत.

"हा चौकोन काय आहे?" तिनं विचारलं.
खेळाडू जितका पळाला तितक्या बाजू काढायच्या असतात.
चौथी बाजू म्हणजे घर.
ह्याच्या तीनच आहेत.

पेन्सिल टेबलावरच होती. तिनंही पाहिली, मीही.
तिनं मागितली नाही, ह्याचं मला बरं वाटलं,
आणि रात्री वाईट.

मोबाईलवर पानाचा फोटो काढला तिनं.
चहा नको म्हणाली. चप्पल घालताना थांबली,
"टोपी घालायचे का हो बाबा, उन्हात?"

ते मी लिहिलेलं नव्हतं.