नव्वदच्या आसपास

काटा मधे येतच नव्हता.
पाषाणपासून स्वारगेटपर्यंत,
वाटेतले सगळे सिग्नल खाऊन,
मागे घैसासकाकू आणि डिकीत त्यांची व्हीलचेअर,
तरी काटा निळ्या रेघेच्या जेमतेम वर,
अंथरुणावर उठून बसलेल्या
पण अजून न उतरलेल्या माणसासारखा.

भाऊ म्हणाला, बरंय की. थंड गाडी म्हणजे गुणी गाडी.
पंपावरचा पोरगाही तेच म्हणाला.
मीही तेच म्हणत होते,
एक लाख चाळीस हजार किलोमीटर झालेली
ही पांढरी डिझेल वाकडहून घेतली तेव्हा.
फक्त पीत होती जास्त.
आणि सकाळी फाटकाशी असा काळा धूर सोडायची
की वॉचमन कदम तोंडापुढे हातानं वारा घालायचे,
काही न बोलता.
न बोललेलं लागतं.

भवानी पेठेत दस्तगीरनं स्टिअरिंगखाली हात घालून
अंगठ्याएवढं यंत्र खोचलं,
मोबाइल माझ्या हातात दिला.
"काट्याचं ऐकू नका ताई. काटा सभ्य असतो.
पंच्याहत्तर असो नाहीतर शंभर, तो मधेच उभा राहतो,
आणि खरं बोलतो तोवर हेड वाकलेलं असतं.
आकडा बघा."
आकडा होता बासष्ट.

आठवडाभर लिहा म्हणाला.
लिहिलं, किराणाच्या वहीत, साबुदाण्याच्या खाली:

मंगळवार. सकाळी साडेसहा, तळ्यावर धुकं. ४१.
चांदणी चौकाचा चढ. ६९.
बुधवार. सिंहगड रोड, तासभर गर्दी. ६४.
उभी राहिली की निवते.
शुक्रवार. कात्रजचा जुना घाट चढताना ७८.
उतरताना, पाय ॲक्सिलरेटरवर नाहीच, ५८.
शनिवार. काकूंचं डायलिसिस लांबलं.
पार्किंगमध्ये इंजिन बंद. आकडा नाही. चहा दोन.

सोमवारी दस्तगीरनं पाइप सोडवला, बॅटरी धरली.
"या, बघा."
थर्मोस्टॅट असायचा तिथं नुसतं भोक.

आधीच्या मालकानं काढून टाकलेला.
कधीतरी एका मे महिन्यात खंबाटकीला उकळली असेल,
बॉनेटमधून वाफ, मागे हॉर्न, बायकोपोरांसमोर फजिती,
आणि कुणा शहाण्यानं सांगितलं असेल:
कटकटच नको, झडपच काढू.
पुन्हा कधी तापली नाही.
पुन्हा कधी नीट पेटलीही नाही.

"डिझेलला ताप लागतो ताई,"
रॉकेलच्या चिंधीनं बोटं पुसत दस्तगीर,
"नव्वदच्या आसपास. अंगात तेवढा नसला
की आतलं अर्धवट जळतं. काजळी धरतं."

आरसी बुकात नाव आहे: मनोहर लिंबाजी थिटे.
मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.
पण त्या भोकात बॅटरीचा उजेड पडला
तेव्हा माणूस ओळखीचा वाटला.
मीही एका मे महिन्यात
काहीतरी काढून टाकलेलं आहे.
सगळे म्हणतात, किती शांत झालीस.
हे वहीत लिहिलं नाही.

झडपेचे नऊशे ऐंशी, कूलंटचे वेगळे,
मजुरी "द्या समजून".

आज पाषाणहून निघाले तेव्हा ३९.
युनिव्हर्सिटी चौकात ७२.
संचेतीजवळ सत्त्याऐंशी झाले
आणि माझी बोटं स्टिअरिंगवर घट्ट.
मग आवाज नाही, धक्का नाही,
आकडा आपोआप चौऱ्याऐंशीवर उतरला,
तिथं जरा थांबला,
आणि परत चढू लागला.
आत कुठेतरी उघडलं होतं काहीतरी,
वेळेवर, हवं तेवढंच.

"काय गं, मॅच बघतेस की काय मोबाइलवर?"
मागून घैसासकाकू.
"नाही काकू. ताप बघतेय."
"कुणाचा?"

सिग्नल सुटला.
मागचा रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला.
एकोणनव्वद.
नव्वद.
एकोणनव्वद.