ठोकळ्यांचे तळवे

घसरला.
झालं काही नाही. फळी अर्ध्या वाटेत तिरकी झाली,
जॉइंटरचं पातं एकदा खेकसलं,
आणि डेल्फीनने दोन्ही हात छातीशी ओढून घेतले
पाळण्यातलं मूल उचलावं तसे.

मी यंत्र बंद केलं.
पातं पूर्ण थांबायला अकरा सेकंद लागतात.
तेवढ्या वेळात वर्गातली सोळा पोरं
खिशातल्या खिशात आपापली बोटं मोजत होती.

ठोकळा उलटा करून पाहिला.
फळी ढकलणारा हा हात, त्याचा तळवा
कधीकाळी पिवळा असणार;
आता शाळेच्या जिन्याच्या कठड्यासारखा गुळगुळीत.
पाइनची राळ, तिच्यावर भुसा, त्यावर पुन्हा राळ,
आणि सगळ्यावर बावीस वर्षांची घाई.

ऑर्व्हिल टँगन मास्तर निवृत्त होताना
किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवत म्हणाले होते,
"यंत्रं कुरकुरतात, पोरं कुरकुरतात, कळतं.
ठोकळे बोलत नाहीत. त्यांच्याकडे बघत जा."
जुडगा धरणारा हात साडेचार बोटांचा.
मी मान डोलावली होती.
बघितलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर डेल्फीन मागे राहिली.
हँकॉकमधला फेब्रुवारी: कालवा गोठलेला,
बर्फ लोटणारी गाडी रस्त्यावर दिवा फिरवत चाललेली.
स्पिरिट वापरायचं म्हणून खिडकी उघडली,
तशी सगळी थंडी आत येऊन बाकावर बसली.
आम्ही टोप्या घालून घासत राहिलो,
दातांच्या जुन्या ब्रशांनी.

आधी मळ सुटला, काकवीच्या रंगाचा.
मग वास सुटले: ओक, बर्च, आणि सेडर,
ज्याची पहिल्या सत्रात सगळेच पाखरांची घरं करतात
आणि ज्यांत पाखरं कधी येत नाहीत.
मग काचकागद, अगदी हलक्या हाताने,
वरची मेलेली कातडी निघेल एवढाच.
खालून रबर आलं फिकट, खरखरीत,
मांजराची जीभ.
तिने ठोकळा कपाटाच्या काचेवर टेकवला, रेटला.
हलला नाही.
ती हसलीही नाही. दुसरा घेतला.

दुसरा मात्र गेलेला होता.
बोट लावलं की रबराची भुकटी.
पार प्लास्टिकपर्यंत खरवडला,
आणि ऑफिसातल्या किव्हेलाबाईंचा माउसपॅड मागून आणला.
त्यावर एक दीपगृह होतं. कात्रीत अर्धं गेलं,
उरलेलं तोंड आत करून चिकटणार होतं.

सोल्यूशन दोन्हीकडे लावायचं,
आणि थांबायचं. इथेच सगळे चुकतात.
ओलं असताना जोडलं तर सरकत राहतं.
बोटाला लागेनासं होईपर्यंत,
दोन्ही बाजू कोरड्या,
एकमेकींशी काही घेणंदेणं नसल्यासारख्या दिसेपर्यंत
थांबायचं.
मग टेकवायचं. एकदाच.

त्या पंधरा मिनिटांत ती म्हणाली,
"मी दाबत होते. जितकं दाबलं तितकं घसरलं."
मी म्हटलं, हो.
मग तिने विचारलंच,
टँगन सरांचं बोट कोणत्या मशिनवर गेलं?

गावभर एकच गोष्ट आहे:
करवत, रक्त, जिवावरचं बोटावर निभावलं.
तीस वर्षं त्या अर्ध्या बोटाने वर्गात शिस्त ठेवली.
मला त्यांनी एकदा खरं सांगितलं होतं:
चर्चबाहेर, मोटारीच्या दारात.
"पण पोरांना सांगू नकोस," म्हणाले,
"त्यांच्या कामाचं बोट आहे ते."

"जॉइंटरवर," मी म्हटलं,
आणि सोल्यूशन वाळलं का बघायला वाकले.

तिने दीपगृह खाली केलं, नेमकं, न थरथरता,
आणि वरून सगळा भार दिला.
जाताना मुठीच्या आतल्या बाजूला
पेन्सिलीने तारीख लिहिली,
आणि तिच्याखाली
पुढच्या कुणासाठी तरी जागा सोडली.