मजला

उलव्याच्या टॉवरमध्ये लिफ्ट अडकली,
अकराव्या-बाराव्याच्या अधेमधे.
आत मी, दुधाची पिशवी,
आणि बंदरातली रात्रपाळी संपवून आलेला एक जण,
बूट काढून खालीच बसलेला.

इंटरकॉमवर अख्तर मोमीन, मशीनरूममधून:
घाबरू नका. चाक फिरवून आणतो. हातानेच.

तोवर मी शब्द चाळत बसले.
मजला. मजल दरमजल करत जायची ती मजल.
'इतकी मजल गेली तुझी?' आई ओरडायची,
तीसुद्धा हीच.

विचारलं, तर धापा टाकत म्हणाला,
अरबी आहे, बाई. मंजिल. उतरायची जागा.
उंटावरून उतरायचं, ओझं सोडायचं,
पाणी कुठे आहे ते बघायचं.

म्हणजे चढण्याचा शब्दच नव्हे हा!
आणि आम्ही ब्रोशरवर बोट ठेवून
अठ्ठावीस मोजले होते, खालून वर,
ज्या खाजणात हसुराम ठाकूर
गुडघाभर चिखलात निवट्या पकडायचे.

चार इंच. वीतभर.
काचेत आधी स्लॅबची कड, मग ट्यूबलाइट,
मग कुणाच्या तरी चपला, पुसट रांगोळी.

बूटवाला उठला.
मजला त्याचा नव्हता. माझाही नाही.
उतरलो.